पिशवीच्या तोंडाची तपासणी आणि दहा महिने : एका निवृत्त शिक्षिकेचा अनुभव

शुक्रवारी, २६ सप्टेंबरला दुपारी नागपूरहून फोन आला आणि माझ्या फाईलमधला शेवटचा कागद जागेवर लागला. आता माझ्यासाठी वर्षभर तिकडे जायचं काम नाही. या दहा महिन्यांत रात्री-बेरात्री मोबाईलवर मी बरंच शोधलं. जे सापडलं ते तिशी-चाळिशीतल्या बायांसाठी लिहिलेलं होतं. पाळी जाऊन बारा-तेरा वर्षं झालेली, गुडघे दुखणारी, खेड्यात एकटी राहणारी बाई पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, तोंडाच्या कॅन्सरच्या या तपासणीत अडकली तर तिचं पुढे काय होतं, हे मला मराठीत कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून फाईल समोर ठेवून तारीखवार लिहिते आहे.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षं शिकवलं, २०१९ मध्ये निवृत्त झाले. यजमान २०१७ साली गेले. मुलगी नागपूरला आणि मुलगा-सून पुण्याला असतात. शेजारच्या वाड्यात माझ्या चुलत जाऊबाई राहतात. त्या माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या आहेत आणि त्यांचा पुढे संबंध येणार आहे.

२८ नोव्हेंबर २०२४, गुरुवार. विधानसभेच्या निवडणुकीची धामधूम संपून आठवडा झाला होता आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बायांची तपासणी ठेवली होती. आमच्या गावची आशाताई माझी विद्यार्थिनी. उन्हाळ्यातच घरोघर फिरून तिने तिशीपुढच्या सगळ्यांचे फॉर्म भरले होते. ती म्हणाली, "बाई, तुम्ही आल्या तर बाकीच्या येतीन." कापूस वेचणीचे दिवस, किलोमागे मजुरी, त्यामुळे कामावर जाणाऱ्या बाया यायला तयार नव्हत्या. मी गेले. जाऊबाईही सोबत आल्या, पण ही तपासणी ३० ते ६५ वयाच्या बायांसाठी असते आणि त्यांचं वय ६८. नोंदणीच्या टेबलावरूनच त्यांना परत पाठवलं. त्यांना हायसं वाटलेलं मला दिसत होतं.

आधी सिस्टरनं पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावून पाहिलं. मिनिटभरात पांढरा डाग उमटला तर ती जागा संशयाची, अशी ही पद्धत. माझ्या बाबतीत तिने मान हलवली. पाळी गेल्यावर पिशवीच्या तोंडाचा जो भाग पाहायचा असतो तो आतल्या नळीत सरकतो, बाहेरून दिसतच नाही. म्हणजे डाग नाही दिसला म्हणजे दोष नाही, असं आमच्या वयात म्हणता येत नाही. हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं हे विचारून घ्यावं असं मला वाटतं : "माझा तो भाग दिसला का?" सुदैवानं त्या दिवशी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या. त्यांनी लहान ब्रशनं पिशवीच्या तोंडाचं पाणी, म्हणजे तिथल्या पेशींचा नमुना, घेऊन काचेवर पसरवलं. हीच पॅप तपासणी.

दुखलं. खोटं कशाला सांगू? माझी अशी तपासणी आधी झाली होती ती १९८८ साली, मुलाच्या बाळंतपणात. ३६ वर्षांनी, अंग कोरडं पडलेलं असताना ते थंड लोखंड आत जातं तेव्हा डोळ्यांत पाणी येतंच. घरी आल्यावर दोन दिवस थोडे डाग पडले.

"पंधरा दिवसांत रिपोर्ट येईल" म्हणाले होते. ३९ दिवस लागले. पहिले पंधरा दिवस मी विसरून होते. नंतर मात्र आशाताई रस्त्यानं जाताना दिसली की पोटात खड्डा पडायचा. ६ जानेवारीला ती घरी आली ती मोबाईल हातात धरूनच. कोणीतरी तिला यादीचा फोटो पाठवला होता. आमच्या गावातल्या सगळ्या बायांची नावं एकाखाली एक होती आणि तीन नावांपुढे लाल शाईची खूण. माझं नाव त्यात. संध्याकाळपर्यंत गावात कोणाकोणाला "निघालं" हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. ज्या कार्यालयातून तो फोटो निघाला तिथे मी पुढे लेखी पत्र दिलं की असे निकाल ज्याचे त्यालाच, बंद पाकिटात द्या. आशाताईला मी रागावले नाही, पण तिला बसवून सांगितलं. तिला स्वतःलाही वाईट वाटत होतं. तिच्या हातात जे आलं ते तिने दाखवलं.

माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'एएससी-यूएस'. हा शब्द वाचून मी रात्रभर झोपले नाही. त्याचा अर्थ इतकाच की काही पेशी नेहमीसारख्या दिसत नाहीत, पण कशामुळे ते काचेवरून सांगता येत नाही. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणानं, साध्या सुजेनंही पेशी अशा दिसू शकतात. हे मला दोन आठवड्यांनी कळलं. पहिल्याच दिवशी कोणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर तेवढ्या रात्री वाचल्या असत्या.

९ जानेवारीला मी तालुक्याच्या ठिकाणी एका खाजगी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी यादीची प्रिंट पाहिली, मला तपासलं नाही. म्हणाले, "बाई, या वयात पिशवीचं काय काम? काढून टाकू. ५५ हजार, औषधांसकट. पंधरा तारखेला या." पाच मिनिटांत बाहेर. मी बाकावर बसून मुलाला फोन लावला. तो घाबरला होता, म्हणाला, "आई, करून टाक ना, कटकट मिटेल." घरी आले तर जाऊबाईंचं दुसरंच. "या वयात काहून चिरफाड करतं व माय? किती दिवस राह्यले आपले?"

मी त्या रात्री विचार करत राहिले. काढून टाका म्हणणाऱ्याचा आणि काहीच करू नको म्हणणाऱ्याचा शब्द एकच होता, 'या वयात'. मला काय हवं आहे हे दोघांनीही विचारलं नव्हतं. आणि मला काय हवं होतं? मला आधी कळायला हवं होतं, माझ्या अंगात नेमकं काय आहे. मग ठरवीन. आमच्या गावात अंगावरून पांढरं जातं म्हणून, पाळीला जास्त जातं म्हणून पस्तिशीत पिशवी काढून आलेल्या कितीतरी बाया मी पाहिल्या आहेत. काहींचे कागदही घरात नाहीत, पिशवी कशासाठी काढली ते त्यांना सांगता येत नाही. मला त्यांच्यासारखं व्हायचं नव्हतं.

यादीतल्या दुसरीचं सांगून टाकते. ती ४२ वर्षांची, शेतमजूर. तिचा डाग बाहेरून स्पष्ट दिसत होता. ग्रामीण रुग्णालयात गरम टोकाचं यंत्र मिनिटभर टेकवून तो भाग जाळला, भरती व्हावं लागलं नाही, एक पैसा लागला नाही. ती लवकर मोकळी झाली. तिसरीचं तिचं ती सांगेल.

मुलीनं नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यातली वेळ घेतली. २० जानेवारी, सोमवार. गावाहून पहाटेच्या गाडीनं दारव्हा, तिथून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर. पाच-साडेपाच तास. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून एका बाजूचं दीडशेच्या आसपास पडतं. या दहा महिन्यांत मी सहा फेऱ्या केल्या, तेव्हा ही सवलत किती मोठी आहे ते कळलं. सासरच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून शकुंतला ही जुनी रेल्वेगाडी असते, दारव्हा मोतीबागवरून जाणारी. आता सगळी मदार एसटीवर.

या डॉक्टर बाई पन्नाशीच्या असतील. त्यांनी आधी विचारलं, "काकू, याआधी कधी तपासणी झाली होती?" कधीच नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांप्रमाणे पन्नाशीनंतर लागोपाठ दोन तपासण्या निर्दोष आल्या तर थांबता येतं. पण त्या दोन झालेल्या असायला हव्यात. ज्या बाईची आयुष्यात एकही झाली नाही तिला वय झालं म्हणून सोडून देता येत नाही.

मग त्यांनी एचपीव्ही या विषाणूची चाचणी सांगितली. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी याच विषाणूमुळे होतो, आणि विषाणू टिकून राहिला तर कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. चाचणी निगेटिव्ह आली तर चिंता बरीच कमी होते. १,८०० रुपये भरले, पाणी पुन्हा घेतलं. यावेळी त्यांनी आधी विचारलं, दुखतं का, आणि लहान आकाराचं उपकरण वापरलं. लहान आकाराचं असतं! मागितलं की देतात. मागच्या वेळी मला माहीत नव्हतं.

आठ दिवसांनी मुलीला फोन आला, पॉझिटिव्ह.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे मी तोवर वाचलं होतं. यजमान जाऊन सात वर्षं झाली. मुलीसमोर हे कसं बोलावं ते कळेना. रात्री मधल्या खोलीत यांच्या फोटोला घातलेला चंदनाचा हार सरळ करायचं निमित्त करून मी तिथे बराच वेळ उभी राहिले. मनात नको ते आलं, आणि ते आलं म्हणून माझं मलाच अपराधी वाटलं. ३४ वर्षांच्या संसारात ज्या माणसावर कधी संशय घेतला नाही, त्याच्याबद्दल तो गेल्यावर विचार करायचा?

दुसऱ्या दिवशी मी स्वतः डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, "मॅडम, माझे यजमान २०१७ सालीच गेले. मग हे आलं कुठून?" त्या घाईत असाव्यात, पण थांबल्या. म्हणाल्या, "काकू, हा कधी आला हे जगातली कोणतीच चाचणी सांगू शकत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षातला असू शकतो. आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांना होतो आणि बहुतेकांचा निघून जातो. काहींच्या अंगात वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो, वय झालं की प्रतिकार कमी होतो, पुन्हा दिसायला लागतो. यावरून कोणी काही चुकीचं वागलं असं ठरत नाही." मी हे शब्द डायरीत लिहून ठेवले. विधवा बायांना, आणि ज्यांचे यजमान आहेत त्यांनाही, हे आधी सांगायला हवं. नाहीतर बाई तपासणी सोडून देईल, पण हा प्रश्न कोणाला विचारणार नाही.

पुढची पायरी कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून पिशवीचं तोंड पाहणं. त्याआधी दोन-अडीच आठवडे रात्री लावायला इस्ट्रोजेनची क्रीम दिली, ३२० रुपयांची ट्यूब. त्यानं कोरडेपणा कमी होतो, दुखणं कमी होतं आणि पाहणाऱ्यालाही नीट दिसतं. सोबत पिचकारीसारखी नळी येते, ती दर वेळी कोमट पाण्यानं धुवायची. दोन दिवस आधी क्रीम बंद करायची होती. कोणाला आधी स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर ही क्रीम डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय घेऊ नये. मी ती ट्यूब लुगड्यांच्या पेटीत ठेवायचे. एकटी राहत असूनही लपवून ठेवावीशी वाटायची, इतकं हे सगळं आपल्या मनात लाजेचं होऊन बसलेलं आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी साडेनऊचा नंबर, आत गेले साडेबाराला. लघवी करून जा, आणि साडी नेसून जा. साडी वर घेता येते, सगळे कपडे काढावे लागत नाहीत. टेबलावर पाय अडकवायच्या पट्ट्या असतात. माझे गुडघे तेवढे वाकत नाहीत. मी सांगितलं, तेव्हा सिस्टरनं दोन्ही मांड्यांखाली उशा दिल्या. मी आणखी एक विचारलं, "माझी मुलगी आत आली तर चालेल का?" चालतं म्हणाल्या. मुलगी डोक्याशी उभी राहिली आणि तिने माझा हात धरला. मी तिच्या बाळंतपणात तसाच धरला होता.

बाजूला पडदा होता, त्यावर सगळं दिसत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "पाहायचंय की फिरवून ठेवू?" मी म्हटलं, पाहायचंय. फिकट गुलाबी, गुळगुळीत, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. याच वाटेनं माझी दोन मुलं आली, आणि ही जागा मी ६३ व्या वर्षी पहिल्यांदा पाहत होते. आधी अ‍ॅसेटिक आम्ल लावलं, शाळेतल्या विज्ञानपेटीची आठवण करून देणारा तोच उग्र वास. मग आयोडीन. सहावीच्या मुलांना मी दर वर्षी बटाट्याच्या कापावर आयोडीन टाकून दाखवायचे. पिष्ट असलं की निळा-काळा रंग येतो. इथेही तेच तत्त्व. निरोगी पेशींत ग्लायकोजेन, म्हणजे पिष्टासारखाच एक पदार्थ, साठलेलं असतं, ते आयोडीननं गडद तपकिरी होतं. दोष असलेला भाग पिवळट राहतो. पण आमच्या वयात निरोगी पेशींतही ग्लायकोजेन कमी, म्हणून माझा रंग सगळीकडेच चट्ट्याचट्ट्यांचा आला. आणि जो मुख्य भाग पाहायचा तो आत नळीतच, दुर्बिणीलाही दिसत नव्हता.

म्हणून आतून खरवडून नमुना घेतला आणि बाहेरच्या एका जागेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. तुकडा घेताना "खोका" म्हणाल्या, खोकल्याच्या झटक्यात कळलंसुद्धा नाही. खरवडताना मात्र पाळीच्या पहिल्या दिवसासारखी कळ आली, मी विसरून गेलेली. तीस-चाळीस सेकंद. एकूण वीस मिनिटं, खर्च २,६०० रुपये, तुकडा तपासणीसकट. त्याच दिवशी परत गावी यायचा विचार करू नका, मुक्काम करा. मी मुलीकडे दोन दिवस राहिले.

२८ फेब्रुवारीला रिपोर्ट घ्यायला गेले. बाहेरचा तुकडा निर्दोष, आतल्या खरवडीत 'सीआयएन २'. डॉक्टरांनी कागदावर तीन पायऱ्या काढून दाखवल्या. हा कॅन्सर नाही, कॅन्सरच्या आधीची मधली पायरी आहे. मग त्या म्हणाल्या, "आता तुम्हाला काय वाटतं, काय हवंय, ते आधी सांगा."

नऊ जानेवारीपासून मी याच प्रश्नाची वाट पाहत होते, आणि विचारला तेव्हा घसा भरून आला. मी डायरी काढली. लिहून नेलं होतं : एक, मला खरं सांगा, मुलीला बाजूला घेऊन वेगळं सांगू नका. दोन, गरज नसेल तर पिशवी काढायची नाही. तीन, नुसतं थांबून पाहत बसायचंही नाही, मला त्यानं झोप लागणार नाही. चार, कमीत कमी फेऱ्या.

त्यांनी एकेकाचं उत्तर दिलं. वाट पाहणं माझ्या बाबतीत बरोबर नाही, कारण आतला भाग दिसतच नाही, तर लक्ष कशावर ठेवणार? पिशवी काढणं ही आताची पायरी नाही. ते ऐकून मी चमकले आणि विचारलं, का? त्या म्हणाल्या, "आत नळीत खोलवर काय आहे ते अजून आपल्याला पूर्ण माहीत नाही. आधी न पाहता साधी पिशवी काढली आणि त्यात कॅन्सर निघाला, तर ते ऑपरेशन अपुरं ठरतं आणि पुढचे उपचार अवघड होतात." म्हणून तोंडाचा शंकूच्या आकाराचा भाग काढायचा. त्यात तपासणीही होते आणि बहुतेकींचा उपचारही. मला तालुक्यातली ती पाच मिनिटं आठवली. मी त्या दिवशी हो म्हणाले असते तर?

ज्या बाईला 'काढून टाका' सांगितलं असेल तिने एवढा एकच प्रश्न विचारावा : आत काय आहे ते आधी तपासलं का?

मी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी हो कळवलं.

होळी झाल्यावर, १७ मार्चला भरती झाले. त्याआधी ईसीजी, शुगर, रक्त, १,४५० रुपये. बीपीची गोळी चालू ठेवायला सांगितली. रक्त पातळ करायची गोळी घेत असाल तर ते आठवणीनं सांगा. योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र बसतो, महात्मा जोतिराव फुले योजनेचं तो पाहतो. माझं तिथेच अडलं. आधार कार्डावर माझं नाव एक, शिधापत्रिकेवर दुसरं. लग्नानंतर बदललेलं नाव एका कागदावर चढलं, दुसऱ्यावर नाही. दुरुस्तीला तहसीलच्या चकरा, आणि माझ्याकडे तेवढे दिवस नव्हते. ११,५०० रुपये भरून मोकळी झाले. मला पेन्शन आहे म्हणून जमलं. ज्यांना नाही त्यांनी आजच, आजारी नसतानाच, दोन्ही कागद शेजारी ठेवून नावाचं अक्षर न् अक्षर जुळवून पाहावं.

ऑपरेशन १८ तारखेला, पाठीत सुई देऊन. अर्धा तास. मी जागी होते, वरच्या दिव्याकडे पाहत पसायदान म्हणत होते. १९ ला सुट्टी मिळाली.

पुढचे दिवस कसे जातील हे कोणी सविस्तर सांगितलं नव्हतं, ते सांगते. पहिले पाच-सहा दिवस पाळीसारखं रक्त, मग तपकिरी पाणी, दुर्गंधीसारखा वास. तीन-साडेतीन आठवडे चाललं. पॅड लागतात. माझ्या घरात बारा वर्षांत एकही नव्हता. दारव्ह्याच्या मेडिकलवर मी पॅड मागितले तेव्हा तो पोरगा माझ्या मागे कोणी मुलगी उभी आहे का ते पाहत होता. मी म्हटलं, "मलाच पाहिजेत, मोठे दे." बादली उचलायची नाही, कापसाचं गाठोडं तर नाहीच. दहाव्या दिवशी, २८ मार्चला, अचानक लाल रक्त आलं. कागदावरच्या नंबरवर फोन केला. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, ताप असेल तर लगेच या, नाहीतर पडून राहा, असं सांगितलं. थांबलं. पण ती रात्र एकटीनं काढायला नको होती, हे नंतर कळलं. पहिले पंधरा दिवस कोणी तरी घरात असू द्या. ३० तारखेला पाडवा होता. माझी गुढी शेजारच्या पोरीनं उभारली.

२ एप्रिलला रिपोर्ट आला : सीआयएन २, कडा मोकळ्या (म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला दोष नाही), कॅन्सर नाही. मुलगी फोनवर रडली. मी चहा ठेवला आणि तो उतू गेला.

सहा महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही चाचणी करायची होती. १६ सप्टेंबरला जाऊन पाणी देऊन आले, आणि शुक्रवारी फोन आला, निगेटिव्ह. आता पुढची वर्षानं. मी विचारलं, ६५ नंतर माझं नाव यादीतून जाईल का? डॉक्टर म्हणाल्या, तुमच्यासारख्यांसाठी वयाची अट नाही. सीआयएन २ वर उपचार झाल्यावर अमेरिकेच्या सूचनांत निदान २५ वर्षं लक्ष ठेवायला सांगितलंय. आपण शक्य तेवढं ठेवू.

सगळा खर्च प्रवास धरून २४ हजारांच्या आसपास झाला.

मधल्या काळात मुलीनं मला एका अभ्यासाबद्दल वाचून दाखवलं. आपल्याच राज्यात, उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १,३१,७४६ बायांवर झालेला, २००९ साली प्रसिद्ध झालेला. एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदा जरी केली तरी या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून जगाला कळलं. खेड्यातल्या, शेतात राबणाऱ्या बायांनी जगाला हे दाखवून दिलं याचा मला फार अभिमान वाटला. मग तिने वय वाचलं : ३० ते ५९. माझ्या आणि जाऊबाईंच्या वयाच्या बाया त्यात नव्हत्याच. आमच्या वयाच्या बाईला काय झेपतं, काय नको असतं, हे कोणीतरी बसून विचारायला हवं.

शुक्रवारी संध्याकाळी मी जाऊबाईंना निकाल सांगायला गेले. नवरात्राचा पाचवा दिवस, त्या देवीपुढच्या दिव्यात तेल घालत होत्या. ऐकून म्हणाल्या, "बरं झालं व." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी उठायला लागले तशा म्हणाल्या, "मले बी दोन महिन्यांपासून डाग पडून राह्यले. कोनाले सांगू?"

पाळी गेल्यावर एक थेंबही रक्त दिसलं तर तपासणीच्या कॅम्पची वाट पाहायची नसते, वय मोजायचं नसतं, थेट डॉक्टरकडे जायचं असतं. हे मी त्यांना सांगितलं, रागावूनही सांगितलं. शनिवारी मुलीला फोन करून नंबर लावला. उद्या, ३० तारखेला पहाटेच्या गाडीनं आम्ही निघतो आहोत. पिशवीत दोन परकर, पॅड, त्यांची बीपीची गोळी, आधार आणि शिधापत्रिका ठेवली आहे. दोन्हींवरचं नाव मी भिंग लावून जुळवून पाहिलं.

आत्ता रात्री त्या पुन्हा आल्या होत्या. "तू आत येशीन ना माह्यासंगं?"

"येतो ना."

"आन् एक सांगून ठेवतो. काय हाय ते मले सांगा. पिशवी मात्र इचारल्याबिगर काढू देनार नाही मी."

डायरीचं नवं पान उघडून मी त्यांचं नाव लिहिलं आणि खाली हे वाक्य, त्यांच्याच शब्दांत.